अन्नसुरक्षा व जागतिक धान्यपुरवठा

गहू, तांदूळ, मका, जव, ज्वारी, बाजरी इ. तृणधान्यांचे जगातील उत्पादन, साठे व व्यापार यांचा अन्नधान्याची तूट असलेल्या गरीब देशांतील लोकजीवनाशी असलेला संबंध या नोंदीत विवेचिला आहे. जगातील माणसांना आहारातून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी निम्म्याच्या आसपास ऊर्जा तृणधान्यांतून मिळते. गरीब देशांत हे प्रमाण त्याहून पुष्कळच अधिक असते. त्यामुळे ‘अन्नसुरक्षा’ ही संज्ञा प्रथम धान्याच्या पुरवठ्याच्या संदर्भातच रूढ झाली. मूलभूत खाद्यपदार्थांचा जगात सर्वकाळ पुरेसा पुरवठा असणे व उत्पादन आणि किंमती यांतील चढउतारांची त्यातून भरपाई होणे, असा तिचा अर्थ १९७४ साली रोम येथे भरलेल्या जागतिक अन्न परिषदेत करण्यात आला. १९९६ मध्ये रोम येथेच भरलेल्या शिखर परिषदेने मात्र, सर्व लोकांना सर्वकाळ निरोगी व कार्यक्षम जीवनास लागणारे पुरेसे, निर्धोक व पोषक अन्न प्रत्यक्षात आणि आर्थिक दृष्ट्या मिळू शकणे, अशी व्याख्या केली. पहिल्या व्याख्येचा भर कोठारातील धान्यावर, तर दुसरीचा भर ते मिळविण्याच्या माणसाच्या सामर्थ्यावर आहे. हा बदल केवळ शाब्दिक नाही. विसाव्या शतकातील अनेक दुष्काळांच्या अनुभवातून तो घडून आला आहे.

पुरवठ्याचे स्वरूप : तांदूळ साळीच्या स्वरूपात मोजल्यास १९६१ साली जगात सु. ८८ कोटी टन तृणधान्ये पिकली. २०२० नंतरच्या वर्षांत हे उत्पादन ३०० कोटी टनांच्या पुढे गेले. याच काळात जगाची लोकसंख्या सु. ३०० कोटींवरून ८०० कोटींवर (२०२२) पोहोचली. म्हणजेच उत्पादनाची वाढ लोकसंख्येच्या वाढीहून अधिक वेगाने झाली. ही वाढ मुख्यत्वे सुधारित बियाणे, जलसिंचन व रासायनिक खते यांमुळे दर हेक्टरी उत्पन्न वाढून झाली. लागवडीखालील क्षेत्रात त्यामानाने थोडीच भर पडली. एकूण धान्यापैकी सु. दोन-पंचमांश धान्य माणसे प्रत्यक्ष खातात. एक-तृतीयांशाहून अधिक धान्य जनावरे व कोंबड्या यांच्या खाद्यासाठी खर्च होते. उरलेले इंधन, स्टार्च, मद्य, बियाणे इत्यादींसाठी वापरले जाते किंवा वाया जाते.

बहुतेक धान्य ते पिकते त्याच देशात खपते. आंतरराष्ट्रीय व्यापारात येणारा भाग एकूण उत्पादनाच्या सु. १७ टक्के असतो; तांदळाच्या बाबतीत तो १० टक्क्यांच्या आसपासच आहे. शिवाय निर्यात मोजक्या देशांच्या हाती आहे. गव्हाची निर्यात मुख्यतः रशिया, यूरोपीय संघ, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेची संयुक्त संस्थाने, युक्रेन व अर्जेंटिना हे करतात. मक्याची अमेरिका, ब्राझील, अर्जेंटिना व युक्रेन. तर तांदळाची भारत, थायलंड, व्हिएटनाम व पाकिस्तान. बाजारात येणारा भाग असा लहान असल्यामुळे एखाद्या मोठ्या देशातील उत्पादनात थोडी घट झाली, तरी जागतिक किंमतींत त्याहून कितीतरी मोठी वाढ होते. जगातील धान्यसाठ्यांचा आकडाही सावधपणे वाचावा लागतो. साठ्यांचा फार मोठा भाग एकट्या चीनमध्ये असून तो त्या देशाच्या स्वतःच्या वापरासाठी राखलेला आहे. संकटकाळी आयातदारांना उपयोगी पडणारा साठा एकूण आकड्यावरून वाटतो त्यापेक्षा बराच कमी असतो.

पूर्वेतिहास : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगगाडी, आगबोट व सुएझ कालवा (१८६९) यांमुळे धान्याचा खऱ्या अर्थाने जागतिक बाजार निर्माण झाला. अमेरिका, कॅनडा, अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया व रशिया यांचा, तसेच हिंदुस्थानचा गहू यूरोपात जाऊ लागला. धान्य जेथे टंचाई आहे तेथे न जाता जेथे किंमत मिळते तेथे जाते, हे याच काळात दिसून आले. दख्खन व मद्रास इलाख्यातील १८७६–७८ च्या भीषण दुष्काळातही हिंदुस्थानातून होणारी धान्याची निर्यात पूर्णपणे थांबली नाही. त्यानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाने १८८० च्या अहवालात, दुष्काळात मुख्यतः शेतमजुरांचे काम व मजुरी बुडते आणि म्हणून त्यांच्यावर उपासमारीची पाळी येते, असे निदान केले. या निदानावरच पुढील दुष्काळ संहिता व दुष्काळी कामे उभारण्यात आली.

१९२९ नंतरच्या महामंदीत अगदी उलट प्रश्न उद्‌भवला. गव्हाचे साठे वाढले, किंमती कोसळल्या व शेतकरी नागवले गेले. त्याच वेळी बेकार लोकांना पोटभर भाकरी मिळेना. निर्यातीचे वाटप ठरविणारा १९३३ चा लंडन येथील आंतरराष्ट्रीय गहू करार वर्षभरातच मोडला. दुसऱ्या महायुद्धात जपानने १९४२ मध्ये ब्रह्मदेश जिंकल्यामुळे तेथून हिंदुस्थानात येणारा तांदूळ बंद झाला. पाठोपाठ आलेले वादळ, युद्धखर्चामुळे झालेली चलनवाढ, साठेबाजी, प्रांतांनी परस्परांवर घातलेली धान्यबंदी व शासनाची बेपर्वाई यांतून १९४३ चा बंगालचा दुष्काळ उद्‌भवला. चौकशी आयोगाने मृतांची संख्या सु. १५ लाख दिली; नंतरचे काही अंदाज ३० लाखांपर्यंत जातात.

युद्धोत्तर व्यवस्था : बंगाल उपासमारीने मरत असतानाच १९४३ च्या मे-जूनमध्ये अमेरिकेतील हॉट स्प्रिंग्ज येथे ४४ राष्ट्रांची अन्नविषयक परिषद भरली. तिच्यातून १६ ऑक्टोबर १९४५ रोजी अन्न व शेती संघटना स्थापन झाली. संघटनेचे पहिले महासंचालक जॉन बॉइड ऑर यांनी १९४६ मध्ये ‘जागतिक अन्न मंडळा’ची योजना मांडली. या मंडळाने जागतिक साठा ठेवावा, किंमती ठराविक मर्यादेत राखाव्यात व शिलकी धान्य गरजू देशांना सवलतीने द्यावे, अशी त्यांची कल्पना होती. अमेरिका व ब्रिटन यांच्या विरोधामुळे ती बारगळली. बॉइड ऑर यांना १९४९ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्यांच्या योजनेतील मुख्य अंग, म्हणजे कोणत्याही एका राष्ट्राच्या हाती नसलेला धान्यसाठा, आजतागायत अस्तित्वात आलेले नाही.

त्याची जागा व्यवहारात अमेरिकेच्या शिलकी धान्याने घेतली. त्या देशात शेतमालाला दिलेल्या किंमतीच्या हमीमुळे गव्हाचे प्रचंड साठे जमले होते. ते परदेशी स्थानिक चलनात विकण्याची वा देणगीदाखल देण्याची तरतूद १० जुलै १९५४ च्या ‘पब्लिक लॉ ४८०’ (पी. एल. ४८०) या कायद्याने केली. भारताने या कायद्याखाली पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये केला. १९६५ व १९६६ च्या लागोपाठच्या अवर्षणांनंतर भारताची वार्षिक धान्य आयात १ कोटी टनांवर गेली. या काळात अध्यक्ष जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचे करार टाळून थोडे थोडे धान्य पाठविण्याचे धोरण ठेवले व भारताचे शेतीविषयक तसेच परराष्ट्रीय धोरण आपल्या मर्जीनुसार वळविण्याचा प्रयत्न केला. परावलंबनाचा हा अनुभव भारतातील हरितक्रांतीमागील एक प्रबळ प्रेरणा ठरला. १९६६-६७ मध्ये सु. १.१४ कोटी टन असलेले गव्हाचे उत्पादन १९६७-६८ मध्ये १.६५ कोटी टनांवर गेले.

जागतिक अन्न कार्यक्रम (स्थापना १९६१) व अन्नसाहाय्य करार (१९६७) यांमुळे मदतीला बहुराष्ट्रीय रूप येऊ लागले. तथापि मदतीचे प्रमाण गरजूंच्या टंचाईवर नव्हे, तर देणाऱ्यांच्या शिलकीवर अवलंबून राहिले. या व्यवस्थेचा हा मूलभूत दोष १९७२ नंतर उघड झाला.

१९७२–७४ चे संकट : शिलकी धान्य डोईजड झाल्यामुळे अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलिया यांनी १९६८ नंतर गव्हाची लागवड जाणीवपूर्वक कमी केली होती. कॅनडाने तर १९७० मध्ये साठे घटविण्यासाठी खास योजना आखून गव्हाचे क्षेत्र निम्म्यावर आणले. अशा वेळी १९७२ मध्ये सोव्हिएट संघ, भारत, ऑस्ट्रेलिया, आफ्रिकेतील साहेल प्रदेश इ. भागांत एकाच वर्षी अवर्षण पडले. जगातील तृणधान्यांचे उत्पादन सु. ३ टक्क्यांनी घटले. वीस वर्षांत प्रथमच अशी घट झाली होती. सोव्हिएट संघाने पूर्वीप्रमाणे जनावरे कमी करून तूट सोसण्याऐवजी १९७२ च्या उन्हाळ्यात अमेरिकी व्यापाऱ्यांकडून फार मोठ्या प्रमाणावर गहू व मका खरेदी केला. हे सौदे गुप्तपणे व निर्यात-अनुदानाचा लाभ घेऊन झाले. त्यांचा एकूण आकार बाहेर येईपर्यंत साठे विकले गेले होते. त्याच वर्षी पेरूच्या किनाऱ्यावरील अँकोव्ही माशांचे उत्पादन कोसळल्याने पशुखाद्याची टंचाई झाली. जून १९७३ मध्ये अमेरिकेने सोयाबीनच्या निर्यातीवर बंदी घातली. ऑक्टोबर १९७३ नंतर खनिज तेलाच्या किंमती चौपट झाल्या आणि त्यांबरोबर खते व जहाजवाहतूक महागली.

अमेरिकी गव्हाची किंमत १९७२ च्या मध्यास टनास सु. ६० डॉलर होती, ती १९७४ च्या प्रारंभी २०० डॉलरांवर गेली. थायलंडच्या तांदळाची किंमत १९७१ मधील सु. १३० डॉलरांवरून १९७४ मध्ये ५०० डॉलरांच्या वर गेली. मदतीसाठी देणगीदार देशांनी ठरविलेली रक्कम पैशांत असल्याने महाग धान्य तेवढ्याच पैशांत कमी मिळू लागले. परिणामी १९७०-७१ मध्ये १ कोटी २० लाख टनांहून अधिक असलेली जागतिक धान्यमदत १९७३-७४ मध्ये ६० लाख टनांच्या आसपास उतरली. ज्या वर्षी मदतीची गरज सर्वाधिक, त्याच वर्षी ती निम्मी झाली.

बांगला देश : या संकटाचा सर्वांत मोठा आघात नुकत्याच स्वतंत्र झालेल्या बांगला देशावर झाला. युद्धाने वाहतूक मोडली होती व परकीय चलनाची गंगाजळी जवळजवळ संपली होती. पतपुरवठा न मिळाल्यामुळे अमेरिकेतून करावयाची धान्याची व्यापारी खरेदी त्याला रद्द करावी लागली. क्यूबाला तागाची पोती विकल्याच्या कारणावरून अमेरिकेने पी. एल. ४८० खालील मदतही रोखून धरली; बांगला देशाने ती निर्यात थांबविल्यानंतर मदत मोकळी झाली, परंतु ते धान्य पोहोचेपर्यंत दुष्काळाचा कठीण काळ उलटून गेला होता. १९७४ च्या जून ते सप्टेंबर या महिन्यांत ब्रह्मपुत्रेच्या पुरांनी उत्तरेकडील जिल्हे बुडाले. लावणी न झाल्याने मजुरांची मजुरी बुडाली. त्याच वेळी पुढील पीक जाणार या अपेक्षेने तांदळाचे भाव भडकले. एका दिवसाच्या मजुरीत मिळणारा तांदूळ झपाट्याने घटला. रंगपूर, मैमनसिंग व सिल्हेट या जिल्ह्यांत सर्वाधिक हानी झाली. शासनाने उघडलेल्या जवळजवळ ६,००० लंगरखान्यांत सु. ४३ लाख लोक जेवत होते. मृतांचा सरकारी आकडा २६,००० होता. अन्य अंदाज त्याच्या अनेक पट आहेत.

अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या दुष्काळाची आकडेवारी तपासली. १९७१ ते १९७५ या वर्षांपैकी दरडोई धान्याची उपलब्धता सर्वांत अधिक होती ती १९७४ मध्येच, आणि दुष्काळाने सर्वाधिक पोळलेल्या जिल्ह्यांतील उपलब्धताही इतर बऱ्याच जिल्ह्यांच्या तुलनेने कमी नव्हती, असे त्यांना आढळले. पुरांमुळे बुडालेले पीक डिसेंबरमध्ये हाती यावयाचे होते; लोक मात्र त्यापूर्वीच मरण पावले. भूमिहीन मजुरांचा बाजारातील धान्यावर हक्क सांगण्याचा मार्ग, म्हणजे मजुरी, हाच बंद झाला होता. सरकारी शिधावाटप मुख्यत्वे शहरांतील नोकरदारांसाठी असल्याने तोही आधार त्यांना नव्हता. १८८० च्या आयोगाचे निदान अशा रीतीने शंभर वर्षांनंतर नव्याने सिद्ध झाले.

याच काळात महाराष्ट्रात वेगळे चित्र दिसले. १९७०-७१ पासून सुरू झालेल्या व १९७२-७३ मध्ये परमावधीस पोहोचलेल्या अवर्षणात राज्यातील ज्वारी-बाजरीचे पीक बुडाले. केंद्राकडून येणारे धान्य अपुरे होते. आयात केलेली तांबडी ‘मिलो’ ज्वारी व दुष्काळी कामांवर वाटली जाणारी सुकडी यांची आठवण ग्रामीण महाराष्ट्रात दीर्घकाळ टिकून राहिली. मात्र मे १९७३ मध्ये सु. ५० लाख लोक रस्ते, पाझर तलाव, नालाबांध इ. कामांवर मजुरी मिळवीत होते. या मजुरीमुळे लोकांच्या हाती पैसा राहिला आणि आंतरराज्यीय निर्बंध असूनही बाहेरचे धान्य राज्यात येत राहिले. खाणे कमी झाले, हाल झाले, परंतु मोठ्या प्रमाणावरील मृत्यू टळले. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेस पुढे १९७७ च्या अधिनियमाने कायद्याचे रूप मिळाले. बांगला देशातील व महाराष्ट्रातील परिस्थितींत अन्य भेदही पुष्कळ होते. तथापि धान्याची उपलब्धता व क्रयशक्ती या दोन गोष्टींतील फरक यांच्या तुलनेतून स्पष्ट होतो.

रोमची परिषद व तिचे फलित : ५ ते १६ नोव्हेंबर १९७४ या काळात रोम येथे जागतिक अन्न परिषद भरली. दहा वर्षांच्या आत एकही मूल उपाशी झोपी जाणार नाही, असे उद्दिष्ट अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांनी तीत मांडले. परिषदेच्या ठरावांतून आंतरराष्ट्रीय कृषिविकास निधी (१९७७) आणि अन्न व शेती संघटनेची जागतिक माहिती व पूर्वसूचना पद्धती (१९७५) उभी राहिली. वर्षाला किमान १ कोटी टन धान्यमदतीचे लक्ष्य ठरले. जागतिक साठा वार्षिक खपाच्या १७ ते १८ टक्क्यांखाली जाऊ नये, असा निकषही अन्न व शेती संघटनेने त्या सुमारास घालून दिला. १९७५ मध्ये ५ लाख टनांचा आंतरराष्ट्रीय आपत्कालीन अन्नसाठा निर्माण करण्याचे ठरले. तो प्रत्यक्ष साठा नसून देणगीदारांच्या वार्षिक आश्वासनांच्या स्वरूपात राहिला.

राष्ट्रांनी परस्पर समन्वयाने ठेवावयाच्या साठ्यांचा प्रश्न मात्र सुटला नाही. साठ्याचा आकार, खरेदी-विक्रीच्या किंमती व खर्चाची वाटणी यांवर एकमत न झाल्याने जिनीव्हा येथील वाटाघाटी फेब्रुवारी १९७९ मध्ये फिसकटल्या. तोपर्यंत पिके चांगली आली होती, किंमती उतरल्या होत्या आणि निकड ओसरली होती. १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय चलननिधीने धान्य आयातीचा खर्च अकस्मात वाढलेल्या देशांना कर्ज देण्याची सोय केली. सार्क देशांनी १९८७ मध्ये अन्नसुरक्षा साठ्याचा करार केला. परंतु त्यातून गरजेच्या वेळी धान्य उचलले गेले नाही.

पूर्वसूचना मिळाली, तरी ती ऐकली जातेच असे नाही, हे इथिओपियातील १९८३–८५ च्या दुष्काळाने दाखविले. तेथे अवर्षणाच्या जोडीला यादवी युद्ध होते. शासन बंडखोर प्रदेशांत धान्य जाऊ देत नव्हते, आणि पाश्चात्त्य राष्ट्रे एका साम्यवादी राजवटीस मदत करण्यास नाखूश होती. या अनुभवानंतर अमेरिकेने १९८५ मध्ये दुष्काळ पूर्वसूचनेची स्वतंत्र यंत्रणा उभारली. तिचे काम २०२५ च्या प्रारंभी त्या देशाने परदेशी मदत आखडती घेतल्यामुळे काही महिने बंद पडले होते.

मुक्त व्यापार व २००७-०८ : १९८० नंतरची दोन दशके धान्य स्वस्त राहिले. कर्जबाजारी देशांनी सरकारी कोठारे ठेवण्यापेक्षा गरजेनुसार बाजारातून धान्य घ्यावे, असा सल्ला आंतरराष्ट्रीय वित्तसंस्था देऊ लागल्या. अनेक देशांनी आयातकर उतरविले. हैतीने १९९५ मध्ये तांदळावरील कर ३ टक्क्यांवर आणला. अमेरिकी तांदळापुढे स्थानिक शेतकरी टिकले नाहीत व देश आयातीवर विसंबला. व्यापार खुला झाल्याने अन्न आयात करणाऱ्या गरीब देशांना झळ बसू शकेल, हे १९९४ च्या माराकेश येथील निर्णयात मान्य करण्यात आले होते. त्यात आश्वासिलेली भरपाई मात्र फारशी प्रत्यक्षात आली नाही.

२००७-०८ मध्ये या धोरणाची परीक्षा झाली. ऑस्ट्रेलियातील अवर्षण, घटलेले गव्हाचे साठे, तेलाची महागाई व मक्यापासून इथेनॉल बनविण्यास अमेरिकेने दिलेले उत्तेजन यांमुळे गहू व मका महाग झाले. तांदळाची गोष्ट वेगळी होती. २००७ मध्ये जगात तांदळाचे विक्रमी पीक आले होते. तरीही देशांतर्गत भाव वाढतील या भीतीने भारताने ऑक्टोबर २००७ मध्ये बासमतीखेरीज अन्य तांदळाच्या निर्यातीवर निर्बंध घातले. व्हिएटनामनेही तसेच केले. तांदळाचा सर्वांत मोठा आयातदार असलेल्या फिलिपीन्सने घाबरून मिळेल त्या भावाने खरेदी सुरू केली. थायलंडच्या तांदळाची किंमत जानेवारी २००८ मधील सु. ३६० डॉलरांवरून मेपर्यंत ९०० डॉलरांवर गेली. हैतीत दंगली होऊन एप्रिलमध्ये पंतप्रधानांना पद सोडावे लागले. ईजिप्तमध्ये भाकरीसाठी रांगा व हाणामाऱ्या झाल्या. आपल्याकडील आयात तांदळाचा साठा बाजारात आणण्याची तयारी जपानने जाहीर करताच, त्यातील धान्य प्रत्यक्ष हलण्यापूर्वीच, किंमती उतरू लागल्या. टंचाईपेक्षा टंचाईच्या भीतीने किंमती वाढल्या होत्या, हे यावरून दिसते.

ऑगस्ट २०१० मध्ये रशियाने अवर्षणामुळे गव्हाची निर्यात बंद केली व काही आठवड्यांतच मोझँबीकच्या राजधानीत पावाच्या भाववाढीविरुद्ध उग्र निदर्शने झाली. २०११ मध्ये जी-२० राष्ट्रांनी साठे व पिके यांची माहिती वेळीच प्रसिद्ध करण्यासाठी कृषिबाजार माहिती व्यवस्था स्थापिली. त्याच वर्षी सोमालियात अवर्षण, युद्ध व महाग आयात धान्य यांच्या एकत्रित परिणामाने दुष्काळ जाहीर झाला. त्यात सु. २ लाख ६० हजार लोक मरण पावले. त्यांपैकी निम्मी पाच वर्षांखालील मुले होती.

युक्रेन युद्ध व त्यानंतर : २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले तेव्हा या दोन देशांकडून जगाच्या गहू निर्यातीपैकी सु. ३० टक्के निर्यात होत होती. काळ्या समुद्रावरील बंदरे बंद पडताच अन्न व शेती संघटनेचा अन्नकिंमत निर्देशांक (२०१४–१६ = १००) मार्च २०२२ मध्ये १६० च्या आसपास, म्हणजे तोवरच्या उच्चांकावर गेला. ईजिप्त आपल्या आयात गव्हापैकी सु. चार-पंचमांश गहू या दोन देशांकडून घेत असे. सोमालियाचा जवळजवळ सर्व गहू तेथूनच येई. लेबाननमध्ये बेरूत बंदरातील धान्यकोठार ऑगस्ट २०२० च्या स्फोटात उद्ध्वस्त झाल्याने जेमतेम महिनाभर पुरेल इतकाच साठा ठेवता येत होता. इतरांच्या मदतीस जाणारा जागतिक अन्न कार्यक्रमही २०२१ मध्ये आपला निम्म्याहून अधिक गहू युक्रेनमधूनच घेत होता.

संयुक्त राष्ट्रे व तुर्कस्तान यांच्या मध्यस्थीने २२ जुलै २०२२ रोजी इस्तंबूल येथे झालेल्या करारामुळे युक्रेनमधून जवळजवळ ३ कोटी ३० लाख टन धान्य व अन्य खाद्यपदार्थ बाहेर पडले. १७ जुलै २०२३ रोजी रशियाने या करारातून अंग काढून घेतले. त्यानंतर युक्रेनने पश्चिम किनाऱ्यालगत स्वतंत्र जलमार्ग सुरू केला. निर्यातबंदीचे सत्र याही वेळी चालले. भारताने मे २०२२ मध्ये गव्हाची व जुलै २०२३ मध्ये बासमतीखेरीज पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. तांदळावरील ही बंदी सप्टेंबर २०२४ मध्ये उठली. तांदळाच्या जागतिक निर्यातीत भारताचा वाटा सु. ४० टक्के असल्याने पश्चिम आफ्रिकेतील गरीब ग्राहकांना तिची झळ पोहोचली. एके काळी परक्या धान्यावर विसंबून असलेला देश आता इतरांच्या अन्नसुरक्षेवर परिणाम करण्याइतका मोठा निर्यातदार झाला आहे. जागतिक अन्न कार्यक्रमाच्या मानवतावादी खरेदीस निर्यातबंदी लागू करू नये, असा निर्णय जागतिक व्यापार संघटनेने जून २०२२ मध्ये घेतला.

असुरक्षित देशांची लक्षणे : वरील संकटांत वारंवार होरपळलेल्या देशांत काही समान लक्षणे आढळतात. त्यांचा आहार एकदोन धान्यांवर आधारलेला असतो व ती धान्ये एकदोन देशांतूनच येतात. निर्यातीचे उत्पन्न थोडे असून त्यातील मोठा भाग कर्जफेडीत जातो. त्यामुळे धान्य, तेल व खत एकाच वेळी महागले, तर तिन्ही घेणे अशक्य होते. गरीब कुटुंबांचे निम्म्याहून अधिक उत्पन्न अन्नावरच खर्च होत असल्याने भाववाढ सोसण्यास त्यांच्याजवळ काही उरत नाही. जेथे युद्ध आहे, तेथे धान्य असूनही ते पोहोचू दिले जात नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये सूदानमधील झमझम छावणीत व ऑगस्ट २०२५ मध्ये गाझा प्रांतात जाहीर झालेले दुष्काळ या प्रकारचे आहेत. त्या वर्षांत जगात धान्याची टंचाई नव्हती.

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये सु. ६७ कोटी ३० लाख लोक, म्हणजे जगाच्या लोकसंख्येच्या ८.२ टक्के, उपासमारीच्या अवस्थेत होते. आफ्रिकेत हे प्रमाण २० टक्क्यांहून अधिक होते.

मूल्यमापन : दीडशे वर्षांच्या या इतिहासात धान्य अधिक पिकविण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला आहे, जमिनीचा कस, पाणी व बदलते हवामान यांमुळे तो पुन्हा बिकट होऊ शकतो, म्हणून त्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. परंतु ज्या संकटांत माणसे प्रत्यक्ष मरण पावली, ती एकूण उत्पादनातील तुटीपेक्षा रोजगार बुडणे, परकीय चलन नसणे, निर्यात रोखली जाणे, मदत उशिरा येणे वा युद्धात अन्नाचा शस्त्रासारखा वापर होणे यांमुळे ओढवलेली होती. गरीब देशात पिकणारी ज्वारी, बाजरी, कसावा यांसारखी पिके, देशात ठेवलेला माफक साठा, आयातीचे अनेक मार्ग आणि हाताला काम व मजुरी यांची हमी, हे उपाय त्या देशाच्या आवाक्यातील आहेत. निर्यातदारांनी संकटकाळी दारे बंद न करण्याचे बंधन आणि टंचाईच्या वर्षी न आटणारी मदत या गोष्टी मात्र इतरांच्या हाती आहेत. १९४६ साली बॉइड ऑर यांनी राष्ट्रांपुढे ठेवलेला प्रश्न या अर्थाने अद्यापि अनिर्णित आहे.